माळ्यावरचं घर

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलुंड पूर्वेचं घर रिकामं केलं. इमारत 1984 सालची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंटच्या करारावर सह्या झाल्या आणि सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच पंधरवड्यात सामान बांधायला घेतलं. आमचं घर साडेचारशे चौरस फुटांचं. ‘एका टेम्पोत होऊन जाईल’ असं मी फोनवर सांगून बसले होते. दोन टेम्पो भरून गेले, तरी जिन्याच्या वळणावर खोकी उरलीच.

मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच. रोजच्या वापरातलं सगळं पहिल्या टेम्पोतच मावलं होतं. उरलेलं सामान आलं ते माळ्यावरून, पलंगाच्या पोटातून आणि दरवाज्यामागून. किल्ली हरवलेली सुटकेस. भांडी नसलेले दोन मिक्सर. तांब्याचा बंब. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कधीच न उघडलेले स्टीलचे डबे. पाहुण्यांच्या चार गाद्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, माझी बारावीची गाइडं. आई जिन्यात उभी राहून म्हणाली, “हे सगळं आपण आणलं तरी कधी गं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. हे सामान कुणी एका दिवशी आणलेलं नव्हतं. घर भरायचं असं कुणी ठरवलंही नव्हतं. मग ते भरलं कसं? बोरिवली ते घाटकोपर, उपनगरातल्या बहुतेक दोन खोल्यांच्या घरांत हीच कथा आहे. ‘नव्या वर्षात मिनिमलिझम’ हा संकल्प दरवर्षी केला जातो आणि दिवाळीपर्यंत घर पुन्हा तसंच होतं. यात आपल्या शिस्तीचा दोष फारसा नाही. घर भरण्याची एक यंत्रणा असते. ती समजली की पुढचं बरंच सोपं होतं.

गच्चीवरची टाकी

सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. एका पाइपातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून खाली घरोघरी जातं. टाकीत पाणी किती, हे या दोन पाइपांतल्या फरकावर ठरतं. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा थोडंसं जरी जास्त असलं, तरी टाकी कधी ना कधी वाहणारच. म्हणून तिच्यात बॉलकॉक बसवलेला असतो: पाण्यावर तरंगणारा एक पोकळ गोळा. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं की गोळा वर येतो आणि येणारा पाइप आपोआप बंद होतो. तिथे कुणी पहारा देत बसावं लागत नाही.

घरही असंच. समजा, आठवड्याला तीन वस्तू आत येतात आणि दोन बाहेर जातात. फरक फक्त एका वस्तूचा, कुणाच्या नजरेतही न भरणारा. वर्षाला 52. चाळीस वर्षांत 2,080. आमचा दुसरा टेम्पो असा, आठवड्याला एकेक वस्तू करत भरला होता.

एक जानेवारीची आवराआवर म्हणजे टाकीतून चार बादल्या पाणी उपसणं. पातळी खाली जाते, चार दिवस घर मोकळं वाटतं, पण पाइप तसेच राहतात. त्यामुळे पातळी पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी येते. गेल्या तीस वर्षांत उपनगरातल्या घरांचं झालंय ते असं: आत येणारा पाइप रुंद झाला, बाहेर जाणारा अरुंद झाला आणि बॉलकॉक आपल्याही नकळत निघून गेला.

लोकलमध्ये मावेल तेवढंच

हा बॉलकॉक पूर्वी होता, यावर माझा ठाम विश्वास आहे. माझ्या लहानपणी मोठी खरेदी म्हणजे दादर, क्रॉफर्ड मार्केट नाहीतर लोहार चाळ. सकाळी जेवून निघायचं, उन्हात फिरायचं, भाव करायचा आणि संध्याकाळच्या गर्दीत मुलुंडपर्यंत उभ्याने यायचं. दोन हातांत जेवढं धरता येईल आणि लोकलच्या दारातून आत शिरता येईल, तेवढीच खरेदी. गर्दीच्या गाडीत शिलाई मशीन घेऊन कुणी चढत नसे. पैसे असले, तरी अंगमेहनत आणि अंतर खरेदीला आळा घालत.

हे अडथळे एकेक करून गेले. आधी मोठी दुकानं उपनगरात आली. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत सुरू झालं. मग मॉल आले. मग ऑनलाइन खरेदी आली आणि पिशवी उचलण्याचेही कष्ट राहिले नाहीत. 2021च्या आसपास दहा मिनिटांत घरपोच येऊ लागलं, तेव्हा विचार करायला लागणारा वेळही गेला. वस्तू हवीशी वाटणं आणि ती दारात येणं यांत पूर्वी आठवडा जात असे, आणि त्या आठवड्यात निम्म्या इच्छा आपोआप विरून जात. आता चहा उकळायच्या आत बेल वाजते.

शिवाय एक वस्तू दुसरीला ओढून आणते. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्यावर एक निबंध लिहिला होता. त्याला सुंदर नवा झगा मिळाला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची, जुनं टेबल, भिंतीवरची चित्रं सगळंच विजोड दिसू लागलं आणि तो एकेक वस्तू बदलत गेला. ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने 1988 साली या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं. आपल्याकडे नवा सोफा आला की पडदे जुने दिसतात, पडदे बदलले की भिंतीचा रंग. रीडेव्हलपमेंटनंतर नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या घरांत हे मी वारंवार पाहिलंय. जुन्या घरात शोभणारं लाकडी कपाट नव्या टाइल्सवर अचानक अडगळ ठरतं.

जानेवारीतलं वाण

आपला जानेवारी तर दोन विरुद्ध दिशांना ओढतो. एक तारखेला पसारा कमी करण्याचा संकल्प होतो आणि चौदा-पंधरा तारखेला संक्रांत येते. तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि प्रत्येक हळदीकुंकवात वाण. स्टीलची वाटी, गाळणी, प्लॅस्टिकचा डबा, कंगवा-आरसा, साबणदाणी. चांगला राबता असलेली बाई एका मोसमात वीस घरी जाते असं धरलं, तर वीस वस्तू आत. दहा वर्षांत दोनशे. शिवाय आपण लुटायला आणलेल्यांतल्या पाच-सहा उरतातच.

मला हळदीकुंकू मनापासून आवडतं. एका इमारतीतल्या बायका ज्या निमित्ताने एकमेकींच्या घरात बसतात, ते निमित्त टिकायला हवं. वाणामागचा विचारही देण्याचा आहे. अडचण एवढीच की देण्याची वस्तू पूर्वी बहुधा संपणारी असे: ऊस, बोरं, हरभरा, तीळ, गूळ. सुगडातलं वाण तर पूर्ण खाऊन संपतं. टिकाऊ वस्तू द्यायला लागल्यापासून तेच वाण माळ्यावर जाऊन बसतं.

2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली आणि कापडी पिशव्या वाणात येऊ लागल्या. हेतू उत्तम. पण कापूस पिकवायला, पिंजायला, विणायला पाणी आणि वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने त्याच वर्षी हिशेब मांडला: फक्त हवामानावरचा परिणाम पाहिला, तरी एक सुती पिशवी किमान 52 वेळा वापरावी, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. बाकीचे परिणाम धरले तर आकडा कितीतरी वाढतो. दाराच्या खुंटीवर तीस पिशव्या लटकत असतील, तर एकेकीचे 52 फेरे व्हायला किती वर्षं लागतील!

लुगड्याचं फडकं कसं व्हायचं

आता बाहेर जाणारा पाइप. माझ्या आजीच्या घरात वस्तू फेकण्याचा प्रसंग क्वचित येई, कारण प्रत्येक वस्तूला उतरत जाण्याचे ठरलेले टप्पे होते. सुती लुगडं नेसून मऊ झालं की त्याची गोधडी किंवा बाळाची दुपटी. दुपटी विरली की हात पुसायचं फडकं. फडकं काळं झालं की लादी पुसायला, शेवटी मोरीत आणि मग चुलीत. एका कापडाचे पाच जन्म होत.

आज ही साखळी तुटली, त्याचं एक कारण धाग्यातच आहे. सुताचा धागा पाणी शोषतो. हवेतूनच तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून जुन्या पॉलिएस्टरच्या कुर्त्याने ओटा पुसला, तर पाणी इकडचं तिकडे होतं, पुसलं जात नाही. त्याची गोधडी अंगावरून सरकते आणि घाम टिपत नाही. तो कुर्ता विरत नाही, फाटत नाही, रंगही धरून असतो. आपण कंटाळतो, पण तो संपत नाही. न संपणाऱ्या वस्तूला घराबाहेर जायचं कारणच मिळत नाही.

दुसरी वाट बोहारणीची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि काखेत गाठोडं घेऊन वाघरी समाजाच्या बायका दुपारी इमारतींखाली हाक देत फिरत. पायरीवर बसून त्या प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहत, विरलेला भाग अंगठ्याने चाचपत आणि मग घासाघीस. दहा कपडे गेले की एक पातेलं आत. म्हणजे दहा बाहेर, एक आत. घराच्या दृष्टीने याहून चांगलं प्रमाण कुठल्याच व्यवहारात नव्हतं. ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात जात आणि कुणाच्या तरी अंगावर चढत. आज गेटवर वही आहे, कॅमेरा आहे, आणि बहुतेक सोसायट्यांत बोहारणीला आत सोडत नाहीत. सुरक्षेचं कारण मला कळतं. पण शहरातली फेरवापराची सर्वांत जुनी वाट आपण स्वतःच्या हाताने बंद केली, हेही मान्य करायला हवं.

तिसरी वाट दुरुस्तीची. मिक्सर, इस्त्री, छत्री दुरुस्त करणारे गल्लीत होते. आता नवी वस्तू स्वस्त आणि दुरुस्ती महाग पडते, म्हणून बिघडलेली वस्तू ‘बघू कधीतरी’ म्हणत माळ्यावर जाते. आमचे दोन मिक्सर असेच गेले.

‘असू दे, लागेल’

वाटा असल्या, तरी मन आडवं येतं. 1990 साली डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या गटातल्या निम्म्यांना विद्यापीठाचं चिन्ह असलेला एक कॉफीचा मग दिला आणि विचारलं, केवढ्याला विकाल? उरलेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण सात डॉलर सांगितले. ज्यांच्या हातात नव्हता ते तीन डॉलरही द्यायला तयार नव्हते. मग तोच. ‘माझा’ झाल्याबरोबर त्याची किंमत दुपटीहून जास्त झाली.

वाणातली स्टीलची वाटी घ्या. दुकानात ती वीस रुपयांना मिळत असती, तर आपण तिच्याकडे पाहिलंही नसतं. पण घरात आलेली तीच वाटी कुणाला देताना हात अडतो.

याला जोड मिळते घातलेल्या पैशांची. घरघंटी हौसेने घेतली, चार महिने वापरली, मग पुन्हा डबा खालच्या गिरणीत जाऊ लागला. घरघंटी मात्र कोपऱ्यात उभीच, कारण ‘एवढे पैसे घातलेत’. ते पैसे घरघंटी ठेवली तरी परत येणार नाहीत आणि दिली तरी येणार नाहीत. ठेवल्यावर कोपराही जातो, एवढाच फरक.

आणि आईच्या पिढीचं ‘लागेल कधीतरी’? त्याला मी अडाणीपणा मानत नाही. त्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, 1972च्या दुष्काळात मिलो नावाची परदेशी ज्वारी खाल्ली, गॅसच्या नंबरासाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. संपलेली वस्तू पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसताना साठवण हाच विमा होता. पाणी दोन तास येणाऱ्या घरात पिंप भरून ठेवतात, तसाच. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत जे माळ्यावर होतं तेवढंच वाचलं. तेव्हा माळ्याला नावं ठेवताना हे विसरू नये. बदललंय ते एवढंच की आज वस्तूंचा नळ चोवीस तास वाहतो आणि आपण पिंपं मात्र तेवढीच भरतोय.

चौकट: परिग्रह-परिमाण म्हणजे काय?

अपरिग्रह हा शब्द आपल्याला गांधी आणि विनोबांमुळे ओळखीचा आहे. जैन परंपरेत साधूसाठी तो संपूर्ण त्याग असतो. पण गृहस्थासाठी पाचवं अणुव्रत वेगळं आहे: परिग्रह-परिमाण. संसार सोडायचा नाही. आपल्याकडे काय किती असावं, याची कमाल मर्यादा स्वतःच आधी ठरवायची. तत्त्वार्थसूत्रात यासाठी यादीच येते: शेती आणि घर, सोनं आणि चांदी, धन आणि धान्य, नोकरचाकर, भांडीकुंडी. मर्यादा ज्याची त्याने ठरवायची. ती ओलांडणं हा व्रतभंग. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये मोठी जैन वस्ती आहे, त्यामुळे हे व्रत आजही पाळणारी माणसं आपल्याच इमारतीत भेटू शकतात.

मला यात बॉलकॉक दिसतो. ‘कमी करा’ हा उपदेश मोघम आहे. ‘इथपर्यंत, याच्या वर नाही’ ही खूण आहे, आणि गोळ्याला वर येऊन पाणी थांबवायला खूणच लागते.

नजरेवरचा भार

भरलेल्या खोलीत दमल्यासारखं का होतं? डोळ्यांपुढे अनेक वस्तू असल्या की मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्यांची एकमेकींशी चढाओढ लागते. हव्या त्या वस्तूवर लक्ष ठेवायचं तर बाकीच्यांना मागे ढकलावं लागतं, आणि हे काम मेंदू सतत करत असतो. स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांनी 2011 साली प्रिन्स्टन विद्यापीठात मेंदूच्या चित्रणातून ही चढाओढ तपासली. स्टेशनच्या पुलावर दहा फेरीवाले एकदम ओरडत असताना उद्घोषणा ऐकायचा प्रयत्न करावा, तसं हे आहे.

लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांना आपलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्या शरीरात ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे द्रव्य दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्याने ताण आला की ताणामुळे पसारा जाणवला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण पसाऱ्याचा हिशेब घरात कोणाच्या डोक्यात चालू असतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी असं मासिकातलं मिनिमलिझम ज्यांच्याकडे निवड आहे त्यांचं आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269 झालं आणि आता 300 आहे. तिथल्या कुटुंबाला कमी वस्तूंत राहण्याचा संकल्प सोडावा लागत नाही. उलट शिकायचं तर त्यांच्याकडून आणि चाळीकडून. ट्रंक हीच बसायची जागा, सतरंजी हेच अंथरूण, आणि शिडी एका मजल्याला एकच. सगळ्यांनी मिळून एक वस्तू वापरणं हे तिथे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नव्हतं.

टाकीतून सुटलेलं जातं कुठे?

घर रिकामं झालं की वस्तू संपली, असं आपल्याला वाटतं. मुंबईत रोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो. तो टाकायच्या जागा उपनगरांच्याच वाट्याला आल्या: देवनार 1927पासून, गोराई, मुलुंड, कांजूरमार्ग. मालाडच्या ज्या भागात आज काचेची ऑफिसं उभी आहेत तिथेही पूर्वी कचरा पडत असे. आमच्या मुलुंडच्या हरिओमनगरजवळचं डंपिंग 1960च्या दशकाच्या अखेरीपासून चालू होतं. ते 2018 साली बंद झालं, तेव्हा तिथे सुमारे 70 लाख टन कचरा साचलेला होता. तो उकरून, चाळून, माती वेगळी आणि चिंध्या-प्लॅस्टिक वेगळं करण्याचं काम त्यानंतर हाती घ्यावं लागलं. लहानपणी वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. त्या डोंगरात आमच्या घरचाही वाटा होता.

म्हणून ‘एका दिवसात दहा गोण्या बाहेर’ असल्या आवराआवरीचं मला कौतुक वाटत नाही. सगळं एकत्र काळ्या पिशवीत भरलं की ते डंपिंगवरच जातं. तेच वेगवेगळं दिलं, तर रद्दी रद्दीवाल्याकडून कागद गिरणीला जाते, लोखंड आणि भांडी साकीनाका-कुर्ल्याच्या भंगार गोदामांत जातात, प्लॅस्टिकचे धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये रंगानुसार निवडून, चुरा करून पुन्हा दाणे होतात. बिघडलेला मिक्सर किंवा मोबाइल मात्र नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडेच द्यावा, कारण उघड्यावर तारा जाळून तांबं काढलं की धूर कुणाच्या तरी घरात जातो.

खूण कुठे करायची

सुरुवात येणाऱ्या पाइपापासून करावी. जानेवारीत काही काढू नका. फक्त महिनाभर दाराशी एक वही ठेवा आणि आत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू लिहा. किराणा-भाजी सोडून. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात एकतीस नोंदी झाल्या आणि आई चकित झाली. खरेदीची इच्छा झाली की त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहायची आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहायची. दादरला जायला लागणारा जुना आठवडा असा हाताने परत आणता येतो.

नव्या वर्षाचा मुहूर्त याला खरंच उपयोगी पडतो. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 साली दाखवलं की आठवडा, महिना किंवा वर्ष सुरू होताना लोक व्यायामशाळेत जास्त जातात, आहाराबद्दल जास्त शोधतात. अशा दिवशी मन जुन्या चुका मागच्या खात्यात टाकतं आणि नवं पान उघडतं. आपण त्यात भाग्यवान आहोत. एक जानेवारी हुकला तर गुढीपाडवा आहे, नंतर दिवाळीचा पाडवा, म्हणजेच शेजारच्या गुजराती घरातलं बेस्तु वरस.

मग खूण. वस्तू मोजत बसू नये, जागा ठरवावी. पिशव्यांना एक खुंटी, डब्यांना एक फळी, ‘आठवणी’ म्हणून प्रत्येकाला एक ट्रंक. खुंटी भरली की नवी पिशवी आली तर जुनी बाहेर. हा नियम गोळ्यासारखा आपोआप काम करतो, रोज ठरवावं लागत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मला तो जड गेला. शेवटी वाचनालयाची वर्गणी पुन्हा सुरू केली. पुस्तक येतं आणि परत जातं, हा तर उत्तम पाइप आहे.

‘लागेल कधीतरी’ला मी आता जागेच्या भावाने उत्तर देते. उपनगरात चौरस फुटाला पंचवीस हजार रुपये धरून चाला. तीन फूट बाय दोन फूट जागेत गाद्यांची चळत असेल तर ती दीड लाखांच्या जागेवर बसली आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी डेकोरेटरकडून गाद्या भाड्याने आणल्या तर किती लागतील? मोठी पातेली, खुर्च्या, ड्रिल मशीन, शिडी यांचंही तेच. नव्या इमारतीच्या कमिटीत मी एवढंच मागितलंय की एक छोटी खोली सामाईक वस्तूंसाठी ठेवा.

एक पथ्य मात्र पाळावं. दुसऱ्याच्या वस्तूंचा निकाल आपण लावू नये, आईवडिलांच्या तर नाहीच. तांब्याचा बंब मी भंगारात काढला होता. आईने तो परत उतरवायला लावला. त्यात माझ्या जन्मानंतर माझ्या न्हाणीचं पाणी तापलं होतं. बंब आता भाड्याच्या घराच्या गॅलरीत आहे आणि नव्या घरात त्याची जागा आईने आराखड्यावर पेन्सिलने दाखवून ठेवली आहे. माळा तिथे नाही. त्यामुळे बंब समोरच राहील.

संक्रांतीला आईने वाण म्हणून अर्धा-अर्धा किलो गूळ दिला. आणि शनिवारी, इथल्या वॉचमनशी बोलून ठेवलं होतं म्हणून, बोहारीण वर आली. तिने सुती साड्या उजेडात धरून पाहिल्या आणि घेतल्या. दोन पॉलिएस्टरच्या बाजूला सारल्या. “ताई, सहा साड्यांचं मोठं पातेलं देते,” म्हणाली. आई पाटीतली भांडी बराच वेळ चाळत राहिली. मग तिने चहाची गाळणी उचलली, स्वयंपाकघरात जाऊन जाळी फाटलेली जुनी गाळणी काढली आणि दारामागच्या भंगाराच्या पिशवीत टाकली.